डुकराच्या पेशींवर प्रोजेक्ट करून पोरीचं पुढे काय होणार?

नमस्कार दादा,

मेल वाचला. मुलगी एमएस्सी बायोटेकच्या पहिल्या वर्षाला, गाइडने प्रोजेक्ट दिलाय डुकरिणीच्या अंडाशयातल्या पेशींना व्हायरसची लागण केली की कुठले जीन्स (पेशीला काय बनवायचं ते सांगणाऱ्या डीएनएतल्या सूचना) जास्त वापरले जातात नि कुठले दबतात याचा, आणि तुमचं म्हणणं की यात नोकरी कुठे, त्यापेक्षा माणसाच्या कॅन्सरवर काहीतरी घेतलं असतं तर सांगायला तरी बरं. शिवाय आजींना कत्तलखान्याचं नाव ऐकूनच मळमळतंय.

आधी विषयाचं सांगतो कारण तुम्ही त्याला उगाच हलक्यात घेताय. डुकरांना होणारा पार्वोव्हायरस घ्या. डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण असते, पहिल्या ७० दिवसांच्या आत पोटातल्या पिल्लाला हा लागला तर पिल्लू मरतं, त्यानंतर लागला तर बहुतेक वेळा पिल्लू स्वतःच अँटीबॉडी बनवून तगतं. आणि आई दिसायला ठणठणीत, ताप नाही काही नाही! व्हायरस एका पिल्लाकडून शेजारच्या पिल्लाकडे सरकत जातो म्हणून एकाच वेतात वेगवेगळ्या साइजची सुकलेली पिल्लं निघतात, पाळणाऱ्याला तोपर्यंत पत्ताच नसतो. या व्हायरसकडे स्वतःचा डीएनए कॉपी करायची यंत्रणा नाही, त्याला विभाजन चालू असलेली पेशीच लागते, तिचीच यंत्रणा तो वापरतो. मग पेशीही गप्प बसत नाही, इंटरफेरॉनची, म्हणजे व्हायरस आल्याचा इशारा देणाऱ्या प्रोटीनची, आरोळी देते आणि एमएक्स-१, आयएसजी-१५ असले व्हायरसशी लढणारे जीन्स एकदम वर जातात. जीन तोच राहतो बरं का, तो किती वापरला जातोय ते बदलतं. अंडाशयाच्या पेशीत खरी गंमत म्हणजे या लढाईत तिचं नेहमीचं काम, म्हणजे इस्ट्रोजेन बनवणं वगैरे, मागे पडतं का हा प्रश्न. जनावर माजावर का येत नाही, का गाभडतं, याची उत्तरं इथून शोधतात.

आता कॅन्सरचं. तिथेही हेच करतात हो. पेशींतून आरएनए (चालू असलेल्या जीन्सच्या प्रती) काढायचा, सिक्वेन्स करून म्हणजे त्याची अक्षरं वाचून आणायचा, जीनोमवर म्हणजे त्या प्राण्याच्या पूर्ण डीएनएवर जुळवून मॅप करायचा, 'आर' या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून दोन गटांतला फरक काढायचा, मग निवडक जीन्स क्यूपीसीआर या प्रती मोजणाऱ्या टेस्टने तपासायचे. डुकराचा जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झालाय, म्हणजे मॅपिंगला अडचण नाही. हे ज्याला येतं त्याला कुणी विचारत नाही की बाबा तू शिकलास डुकरावर की उंदरावर. आणि डुक्कर माणसापासून लांबही नाही. जपानी मेंदूज्वराचा व्हायरस डुकरात भरपूर वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो, गाभण डुकरिणी गाभडतात, नरांचे वृषण सुजतात, यावर आपल्या पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) कितीतरी वर्षं काम चालू आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला माणसात डुकराचं हृदय बसवलं, पेशंट दोनेक महिन्यांनी गेला, आणि त्या हृदयात डुकराचा सायटोमेगालोव्हायरस सापडला. आता बोला.

रोजचं काम मात्र तिला नीट कळू दे. कत्तलखान्यातून अंडाशयं आणायची ती कोमट सलाइनमध्ये, थर्मासात, लॅबमध्ये धुवून एकेका फॉलिकलमध्ये (अंडं वाढतं त्या पाण्याच्या फोडात) सुई घालून पिवळसर पाणी ओढायचं, त्यात त्या पेशी असतात. वास येतो, हात दुखतो, आणि कल्चरमध्ये बुरशी आली की आठवडा गेला. तिने एकदा त्या लॅबमधल्या सीनियरबरोबर कत्तलखान्यात जाऊन बघावं, जमत नसेल तर तयार सेललाइनवर (लॅबमध्येच वाढवत ठेवलेल्या पेशींवर) काम मिळतं का विचारावं. आजींना एवढंच सांगा की जनावर प्रोजेक्टसाठी मारत नाहीत, जे एरवी टाकून दिलं जातं ते घेतात.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. सिक्वेन्सिंगचे पैसे मंजूर झालेत का? लागण केलेले नि न केलेले, दोन्हींचे किमान तीन-तीन सॅम्पल असणार का? आणि डेटा आला की अॅनालिसिस ती स्वतः करणार की बाहेरच्या कंपनीकडून तयार ग्राफ येणार? शेवटचं उत्तर "कंपनी करते" असं असेल तर मी म्हणेन विषय सोडू नका पण गाइडशी भांडून का होईना रॉ डेटा (मशीनमधून आलेला मूळ डेटा) मागून घ्या, कारण इंटरव्ह्यूत ग्राफ दाखवून भागत नाही, कसा काढला ते विचारतात.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की "मग ती पशुवैद्यकीय खात्यात लागेल". नाही लागणार. पशुधन विकास अधिकारीसाठी बीव्हीएस्सी ही जनावरांच्या डॉक्टरची पदवी लागते, ती नीट परीक्षेतून, साडेपाच वर्षं, तो रस्ता वेगळा. हिच्यासाठी सीएसआयआर नेट, डीबीटीची बीईटी, आयसीएमआरची जेआरएफ, या सगळ्या जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळवून देणाऱ्या परीक्षा. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० अधिक घरभाडं, आणि पीएचडीला गुवाहाटीजवळ राणी या गावात आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) डुक्कर संशोधन केंद्र आहे, बरेलीला आयव्हीआरआय ही पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. लांब आहे माहितीये. पीएचडी नकोच असेल तर जनावरांच्या लसी बनवणाऱ्या कंपन्या, सिक्वेन्सिंग करणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे सेल कल्चर आणि डेटा दोन्ही येणारा माणूस पटकन मिळत नाही.

तिलाच मेल करायला सांगा पुढच्या वेळी, तुम्ही नको. गाइडने त्या तीन प्रश्नांना काय उत्तर दिलं ते तिने लिहावं, मग नेटला कधी बसायचं ते ठरवू.