राइट-क्लिकने उघडल्यावर कालची बिले कुठे जातात?

प्रश्न : आमच्या घाऊक किराणा दुकानात विंडोज १० असलेल्या संगणकावर बिलांचे एक जुने सॉफ्टवेअर वापरतो. डबल-क्लिक करून उघडले की अलीकडची बिले दिसतात, पण राइट-क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' निवडले की ती नाहीशी होऊन फक्त जुनी दिसतात. शिवाय त्या वेळी गोदामातील संगणकाचा झेड ड्राइव्हही सापडत नाही. माझे खाते अॅडमिनिस्ट्रेटरचेच असताना असे का होते? फाइल एक्सप्लोररच कायमचा अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवता येईल का?

उत्तर : आपली बिले पुसली गेलेली नाहीत, ती दोन ठिकाणी विभागली गेली आहेत. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अॅडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केले, तरी विंडोज त्याच्यासाठी जणू दोन ओळखपत्रे तयार करते : एक साध्या वापरकर्त्याचे, दुसरे पूर्ण अधिकारांचे. डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर साध्या ओळखपत्रावर चालतात, त्यामुळे तिथून डबल-क्लिकने उघडलेल्या प्रोग्रॅमलाही तेच मिळते. पूर्ण अधिकारांचे ओळखपत्र संमतीच्या चौकटीत 'येस' म्हटल्यावरच वापरले जाते.

साध्या अधिकारांवर 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये काही लिहिता येत नाही. जुनी सॉफ्टवेअर मात्र आपला डेटा तिथेच ठेवत असत. ती बंद पडू नयेत म्हणून विंडोज अशा जुन्या, ३२-बिट प्रोग्रॅमचे लेखन गुपचूप दुसरीकडे वळवते : सी ड्राइव्हवरील 'यूझर्स', त्यात आपल्या खात्याच्या नावाचा फोल्डर, मग 'अॅपडेटा', 'लोकल' आणि शेवटी 'व्हर्च्युअलस्टोअर'. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर ही वळवणूक बंद होते आणि सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधील मूळ फाइल वाचते. आपण दिलेली लक्षणे याच प्रकाराशी तंतोतंत जुळतात.

खात्री करण्यासाठी सॉफ्टवेअर बंद करा, एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करून वरील मार्गाने जा आणि तिथल्या डेटा फाइलची तारीख मूळ फाइलशी ताडून पाहा. त्यानंतर दोन्ही प्रती पेनड्राइव्हवर घ्या. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका आणि एक प्रत दुसरीवर कधीही चढवू नका, कारण दोन्हींमध्ये वेगवेगळी बिले असू शकतात. ज्या प्रतीत जास्त नोंदी आहेत ती मुख्य मानून उरलेली बिले हाताने भरणे कंटाळवाणे असले, तरी हिशेबाच्या बाबतीत मला तोच मार्ग भरवशाचा वाटतो.

त्यानंतर कायमचा उपाय करता येतो. सॉफ्टवेअरमध्ये डेटाची जागा बदलण्याची सोय असेल, तर तो 'प्रोग्रॅम फाइल्स'बाहेर हलवा. नसेल, तर डेटा स्वतंत्र फोल्डरमध्ये असल्यास त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी' भागात जाऊन फक्त त्याच फोल्डरवर आपल्या खात्याला 'मॉडिफाय'ची परवानगी द्या. मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलवर ती देऊ नये; दिल्यास साध्या अधिकारांवर शिरलेला एखादा व्हायरस ती फाइल बदलू शकेल आणि पुढच्या वेळी आपणच ती पूर्ण अधिकारांनी चालवू. दोन्ही उपायांत निवडलेली प्रत नव्या जागी ठेवल्यावर 'व्हर्च्युअलस्टोअर'मधील प्रत तिथून हलवायला विसरू नका, कारण ती असेपर्यंत डबल-क्लिकने उघडलेले सॉफ्टवेअर जुन्या मार्गावर आधी तीच वाचते.

एक्सप्लोररच अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याचा विचार सोडून द्यावा, असे आग्रहाने सांगतो. एरवी तसा प्रयत्न केला, तरी विंडोज ते काम आधीच चालू असलेल्या साध्या एक्सप्लोररकडे सोपवते. खटपटी करून ते साधलेच, तर त्यातून डबल-क्लिक केलेला प्रत्येक प्रोग्रॅम, मेलमधून उतरवून घेतलेलासुद्धा, पूर्ण अधिकारांनी सुरू होईल. एखादा फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो, तेव्हाही 'कंटिन्यू' विचार करून दाबावे. त्याने फोल्डर तेवढ्यापुरता उघडत नाही, तर त्याच्या परवानग्यांत आपल्या खात्याचे नाव कायमचे नोंदले जाते.

झेड ड्राइव्हचे कारणही दोन ओळखपत्रांतच आहे. नेटवर्क ड्राइव्हची जोडणी ज्या ओळखपत्रावर झाली, त्यालाच ते अक्षर दिसते. क्वचित अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करावेच लागले, तर झेडऐवजी दोन उलट्या तिरप्या रेघा, गोदामातील संगणकाचे नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि शेअर केलेल्या फोल्डरचे नाव असा पूर्ण पत्ता टाइप करावा.