वडिलांना बायपोलर आहे आणि मला एंग्झायटी. मलाही बायपोलर होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील बरीच वर्षं बायपोलरचे, म्हणजे मन कधी अतिउत्साहाकडे (मॅनिया) तर कधी नैराश्याकडे झुकणाऱ्या आजाराचे, उपचार घेताहेत, तुम्हाला सत्ताविसाव्या वर्षी एंग्झायटीचं निदान झालंय, आणि जनुकीय चाचणी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा असं वाटतंय. चाचणीचं आधी सांगते: त्यावर पैसे घालवू नका. बायपोलर होणार की नाही हे सांगणारी चाचणी आज नाही. त्याहून कितीतरी कामाची माहिती तुमच्या घरातच आहे. मी मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. नव्या रुग्णाच्या घराण्याची माहिती लिहून घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

‘बायपोलर ६० ते ८० टक्के आनुवंशिक’ हे तुम्ही कुठेतरी वाचलं असणार, आणि वाचून पोटात गोळा आला असणार. हा आकडा मुख्यतः जुळ्यांच्या अभ्यासांतून आलाय आणि तो एकट्या माणसाला लावायचा नसतो. लोकालोकांत या आजाराच्या धोक्यात जो फरक असतो त्यात जनुकांचा वाटा किती, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या कामाचा आकडा वेगळा आहे. एरवी हा आजार शंभरात एक-दोघांना होतो. आईवडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर साधारण पाच ते दहा जणांना. धोका कित्येक पटींनी वाढतो हे खरंच आहे, ते मी लपवणार नाही. पण तुमच्यासारख्या शंभरातल्या नव्वद जणांना तरी बायपोलर होत नाही, हेही तितकंच खरं. एकसारख्या जुळ्यांत एकाला असला तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ४० ते ७० टक्क्यांच्या आसपासच राहतं, आणि त्यांची जनुकं तर जवळपास तीच असतात.

चाचणी का नाही, तर ‘बायपोलरचं जनुक’ असं एक काही नाहीच. १९८७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या आमिश या आपापसातच लग्नं करणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या कुटुंबांच्या अभ्यासातून ते अकराव्या गुणसूत्रावर सापडल्याची बातमी आली होती. दोन वर्षांत आणखी नातेवाईक तपासले, काहींचं निदान बदललं आणि तो पुरावा कोसळला. पुढे हजारो रुग्णांचे नमुने एकत्र करून काम सुरू झालं. २०२१ मध्ये सुमारे ४२ हजार रुग्णांच्या तपासणीतून आजाराशी संबंध असलेल्या जनुकसंचातल्या ६४ जागा सापडल्या, २०२५ मध्ये दीड लाखाहून अधिक रुग्णांतून २९८. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी किरकोळ. या सगळ्यांची बेरीज करून गुण काढता येतात, पण त्यावरून एका माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. शिवाय हे काम मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाल्यामुळे इतरांच्या बाबतीत ते गुण आणखीच कच्चे ठरतात.

आता एंग्झायटी. बायपोलर असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी एखादा चिंताविकारही होतो. हा निव्वळ योगायोग नाही. चिंता आणि नैराश्य यांची जनुकीय मुळं बरीचशी एकच आहेत, आणि नैराश्याची काही मुळं बायपोलरशी, विशेषतः मॅनिया सौम्य असणाऱ्या त्याच्या दुसऱ्या प्रकाराशी, गुंतलेली आहेत. पॅनिक अटॅक तर बायपोलर असलेल्या काही कुटुंबांत ठळकपणे दिसतात. त्यामुळे वडिलांच्या आणि तुमच्या त्रासात काही धागे सामायिक असू शकतात. पण उलट्या दिशेने हे गणित चालत नाही: एंग्झायटी असलेल्या बहुतेकांना बायपोलर कधीच होत नाही. तुमची एंग्झायटी म्हणजे बायपोलरची पहिली पायरी, असं धरून चालू नका.

मग घरातली माहिती कशाला? औषध निवडताना ती लागते म्हणून. एंग्झायटीसाठी बहुतेक वेळा अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरच्या औषधांच्या) गटातली गोळी देतात, आणि सर्वसाधारणपणे ती योग्यच असते. मात्र आत कुठे बायपोलर दबलेला असेल तर मूड स्टॅबिलायझरशिवाय, म्हणजे मनाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाशिवाय, एकटी दिलेली ही गोळी काहींना मॅनियाकडे ढकलू शकते. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी वडिलांचं निदान पहिल्याच भेटीत सांगा. गोळी आधीच सुरू असेल तर मनाने बंद करू नका, पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करून कळवा.

घरी विचारताना आजाराचं नाव घेऊन विचारू नका, उत्तर ‘तसलं काही नाही आपल्यात’ असंच येतं. वागणुकीबद्दल विचारा. आठवडाभर जेमतेम दोन-तीन तास झोपूनही कोणी ताजंतवानं असायचं का? एकाएकी कर्ज काढून धंदा कोणी मांडला, आणि दोन महिन्यांनी खोलीबाहेर यायचंच बंद केलं का? आत्महत्या केलेलं कोणी आहे का? ‘काका जरा तिरसट होते’ एवढ्यावर मिटवलेल्या गोष्टीत पुष्कळदा पूर्ण आजारपण असतं. हे माझ्यासमोर इतक्या वेळा उलगडलंय की आता ‘जरा’ हा शब्द आला की मी पेन खाली ठेवत नाही.

स्वतःकडे बघताना झोपेचा फरक ओळखायला शिका. एंग्झायटीत झोप हवी असते, येत नाही आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं. मॅनियात किंवा त्याच्या सौम्य रूपात झोपेची गरजच वाटत नाही. सलग चार दिवस किंवा जास्त असं चाललं, सोबत बोलण्याचा, पैसे उडवण्याचा, नव्या बेतांचा वेग वाढला, तर लगेच दाखवा. जागरणं आणि गांजा टाळा. ज्यांच्यात आधीच कल आहे त्यांना हे दोन्ही बाधतात.

लग्न आणि मुलांबद्दल विचारलंत. फक्त वडिलांना बायपोलर आहे म्हणून मूल नको, असं मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. जोडीदाराला मात्र लग्नाआधी सांगा.

आणि वडिलांशी बोलाल तेव्हा त्यांना कोणतं औषध लागू पडलं तेही विचारून ठेवा. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाला मिळणारा चांगला प्रतिसाद काही घराण्यांत चालत येतो. तुम्हाला कधी गरज पडलीच, तर कुठून सुरुवात करायची हे ठरवायला डॉक्टरांना ते उपयोगी पडेल.