वाचकांचे प्रश्न : यंत्र लावावं की खुडूक बसवावी?

प्रश्न : आमच्याकडे छोटं, बिनपंख्याचं इन्क्युबेटर आहे. मागच्या खेपेला त्यात २४ अंडी ठेवली. १८व्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिली तेव्हा २० अंड्यांत जीव होता, पण बाहेर आली फक्त ८ पिल्लं. बाकीची पूर्ण वाढलेली, अंगावर लव आलेली, कवचातच मेली. त्याच सुमारास आमची एक कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली होती. त्याच कोंबड्यांची ११ अंडी तिच्याखाली ठेवली, तर तिने १० पिल्लं काढली. यंत्रात पाणी कमी पडू दिलं नाही, पहिल्या दिवसापासून तळ भरलेला होता. आता यंत्र माळ्यावर टाकावं का?

उत्तर : टाकू नका. दोष कुठे आहे ते तुम्हीच लिहून पाठवलं आहे. अंडी त्याच कोंबड्यांची होती आणि खुडूक कोंबडीखालून ११ पैकी १० निघाली. म्हणजे कोंबडा, कोंबड्यांचं खाणं, अंड्यांची साठवण, सगळं ठीक होतं. १८ दिवस २० अंडी जगली, म्हणजे ऊबही फार चुकलेली नव्हती. राहिलं पाणी. ते कमी नाही, जास्त झालं.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यातून आतलं पाणी हळूहळू वाफ होऊन जायलाच हवं. पाणी घटतं तशी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पडदा भेदून याच पोकळीतला पहिला श्वास घेतं. यंत्रात सतत दमट हवा असेल तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं असतं, त्याला आत वळायला जागा मिळत नाही आणि कवच फोडायच्या आधीच ते गुदमरतं. मेलेलं एखादं अंडं फोडून पाहिलं असतंत तर आत चिकट पाणी दिसलं असतं. (वास सहन होत असेल तर पुढच्या वेळी जरूर फोडा. न उबलेलं अंडं फेकून देणं म्हणजे उत्तरपत्रिका न बघता नापास होणं.)

पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५० टक्के पुरे. शेवटचे तीन दिवस ती ६५ ते ७० टक्क्यांवर न्या, कारण तेव्हा पडदा सुकून चिवट होता कामा नये. पण आकड्यांपेक्षा मी तराजूवर जास्त विश्वास ठेवते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अंड्यांचा आख्खा ट्रे पहिल्या दिवशी तोलून ठेवा. १८व्या दिवसापर्यंत वजन साधारण १२ टक्के घटायला हवं, म्हणजे ६० ग्रॅमचं अंडं ५३ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सातव्या दिवशी साडेचार-पाच टक्के घट दिसली तर गाडी रुळावर आहे. त्याहून कमी असेल तर पाणी काढा, जास्त असेल तर वाढवा.

आर्द्रतेचा मीटर खरं बोलतो का, तेही तपासा. वाटीभर मिठात चमचाभर पाणी घालून ते ओलं करा, विरघळू देऊ नका. वाटी आणि मीटर दोन्ही हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. ७० दिसलं तर तुमचा मीटर पाच टक्के कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

थर्मामीटरचंही तसंच. पंखा नसलेल्या यंत्रात वरची हवा गरम आणि तळची गार असते, त्यामुळे थर्मामीटरचा फुगा अंड्यांच्या माथ्याच्या उंचीला हवा. तिथे ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. पंख्याच्या यंत्राला ३७.५ लागतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून अंडी बिघडवणारे खूप जण पत्रं लिहितात. थर्मामीटर पारखायला ताप मोजायचा थर्मामीटर आणि हा, दोन्ही कोमट पाण्यात शेजारी शेजारी धरा.

अंडी फिरवण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, म्हणजे ते जमतंय असं धरते. तरी सांगते : दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम वेळा, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. खुणा पेन्सिलने करा, शाईच्या पेनाने नको. १८व्या दिवसानंतर फिरवणं बंद आणि झाकण उघडणंही बंद. पहिलं पिल्लू चिवचिवलं की घरातलं प्रत्येक माणूस एकदा झाकण उचलून बघतं, आणि त्या प्रत्येक वेळी बाकीच्या अंड्यांचा ओलावा निघून जातो. सुकलेली पिल्लं काढायची घाईही नको. पोटात ओढून घेतलेल्या पिवळ्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं.

कोंबडी हे सगळं मीटरशिवाय करते, हे खरं. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, दाणा-पाणी घेते, शीट टाकते, धुळीत लोळते आणि परत येते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार होतात, त्यांना काही होत नाही. पण एक कोंबडी दहा-बारा अंडीच नीट झाकते आणि तुम्हाला हवी तेव्हा ती खुडूक होत नाही. म्हणून माझं मत : दोघांना एकाच दिवशी कामाला लावा. कोंबडीखाली दहा, यंत्रात बाकीची. मधल्या काळात कोंबडीने बसायचं सोडलं तर तिची अंडी यंत्रात जातात, यंत्र बिघडलं तर निदान कोंबडीची तरी वाचतात. शेवटी यंत्रातली पिल्लं तिच्याकडेच सोपवता येतात. तोच पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न : यंत्रात काढलेली पिल्लं कोंबडीखाली सोडली, तर तिने त्यांना टोचून रक्तबंबाळ केलं. कोंबडी आठ दिवसांपासून बसली होती. काय चुकलं?

उत्तर : तिची वेळ झाली नव्हती. अंड्यातलं पिल्लू शेवटच्या दिवसांत आतून आवाज करतं, कोंबडी वरून घशात खुडखुड करत त्याला उत्तर देते, आणि या बोलण्यातूनच ती बसणारीची आई होते. आठव्या दिवशी तिच्या लेखी चिवचिवणारी वस्तू म्हणजे आगंतुक.

तिच्या स्वतःच्या अंड्यांना पिल्लांनी आतून भोक पाडलेलं असताना, किंवा एक-दोन पिल्लं निघाल्यावर द्या. रात्रीच द्या. मोठा दिवा लावू नका. मागच्या बाजूने हात घालून एकेक पिल्लू पंखाखाली सरकवा आणि जमलं तर त्याच हाताने एक रिकामं कवच बाहेर काढा. पिल्लं एक-दोन दिवसांची असावीत. चार-पाच दिवस दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांना कोंबडीची हाक कळतच नाही, ती तिच्यापासून पळतात आणि मग ती त्यांच्यामागे लागते. पहाटे उजाडायच्या आत जाऊन बघा. हलकी टोच सगळ्याच आया देतात. डोक्यावर नेम धरून मारत असेल तर पिल्लं लगेच काढून ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याची ऊब असलेल्या खोक्यात, घ्या आणि तिचा नाद सोडा. काही कोंबड्या आपल्या रंगाच्या पिल्लांना घेतात आणि वेगळ्या रंगाच्याला हुसकतात, तेव्हा पहिल्याच रात्री रंगांची सरमिसळ करा.

ब्रूडरमध्ये ठेवावी लागली तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर गार आहे, कडेला पांगून चोची उघडल्या तर गरम.

प्रश्न : पिल्लाने काल संध्याकाळी कवचाला भोक पाडलं, आज दुपार झाली तरी पुढे काही नाही. कवच सोलून मदत करू का?

उत्तर : अजून नको. भोक पाडल्यावर पिल्लू बऱ्याचदा १२ ते २४ तास स्वस्थ बसतं. त्या वेळात पडद्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त त्याच्या अंगात जातं आणि उरलेलं पिवळं बलक पोटात ओढलं जातं. आधीच सोललंत तर रक्तस्रावाने मरेल. चोवीस तास उलटले, पडदा तपकिरी आणि कातड्यासारखा सुकला असेल, तर कापसाने कोमट पाणी त्यावर लावा, नाकपुड्यांपासून लांब. भोकाभोवतीचा कवचाचा एक तुकडा काढून बघा. लाल धागा दिसला की थांबा, अंडं परत यंत्रात ठेवा आणि काही तास विसरून जा.

प्रश्न : वीज तीन-चार तास गेली तर अंडी वाया जातात का?

उत्तर : बहुधा नाही. झाकण उघडू नका, यंत्रावर जाड पांघरूण टाका, मात्र हवेची भोकं मोकळी ठेवा. शेवटच्या आठवड्यातली पिल्लं स्वतः ऊब तयार करतात आणि त्यांना हवा जास्त लागते, त्यांचा श्वास पांघरुणाने कोंडू नका. वीज आल्यावर भरपाई म्हणून तापमान वाढवणं हा खरा धोका. गारठलेलं अंडं सावरतं आणि फार तर एखादा दिवस उशिरा उबतं, पण ४० अंशांच्या वर काही तास गेले की पिल्लू भाजून मरतं. घरात खुडूक कोंबडी असेल तर मावतील तेवढी अंडी सरळ तिच्याखाली सरकवा.

प्रश्न : कोंबडी खरंच खुडूक आहे की नुसती अंडं घालायला बसली आहे, हे कसं ओळखावं?

उत्तर : रात्री बघा. खुडूक कोंबडी रात्रीही घरट्यातच, चपटी होऊन बसलेली असते. हात नेला की पिसं फुलवते, गुरगुरते, छातीखालची पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते. तरी लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन-तीन रात्री खोटी अंडी देऊन पारखा. तेवढ्यात तिच्या अंगावर पिसवा-गोचीड आहेत का ते पाहून घ्या, भल्या भल्या कोंबड्या त्याच त्रासाने अंडी सोडून उठतात. जागा बदलायची असेल तर अंधारात बदला, आणि ती इतर कोंबड्यांपासून वेगळी असू द्या, नाहीतर त्या रोज तिच्या घरट्यात ताजी अंडी घालत राहतील. ठेवलेल्या अंड्यांवर खुणा असल्या की अशी नवी अंडी रोज संध्याकाळी वेचून काढता येतात.

लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींची वाट बघू नका. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना त्यांच्यातलं खुडूकपण जवळजवळ गेलं आहे. त्यांची अंडी यंत्रात ठेवा, किंवा दुसऱ्या कोंबडीखाली.