गणपती ते दिवाळी या दिवसांत व्यायाम आणि खाण्याच्या सवयी कशा टिकवाव्यात?

तुमचं म्हणणं असं की गणपती आले की चालणं सुटतं, खाणं हाताबाहेर जातं, दिवाळीपर्यंत तीन-चार किलो वाढतात, आणि घरचे आग्रहाने वाढतात तेव्हा नाही म्हणवत नाही. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. ठाण्यात एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते, वय 46, सासर गुहागर तालुक्यात. म्हणजे गणपतीला गावी जाणं चुकत नाही आणि सप्टेंबरही चुकत नाही. टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टची मुदत एरवी 30 सप्टेंबर असते. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण ती धरून आमच्या धंद्यात कोणी झोपत नाही. थोडक्यात, तुमचं दुखणं माझं जुनं आहे.

2022 च्या दिवाळीनंतर मी रक्त तपासलं. एचबीएवनसी (साखरेची एक तपासणी) 6.2 टक्के आलं. 6.5 पासून मधुमेह धरतात आणि 5.7 पासून पुढे काठावरचे. मी लगेच सांगून टाकलं, "डॉक्टर, आत्ताच दिवाळी झाली ना!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, चार लाडवांनी हा आकडा हलत नाही. मग त्यांनी समजावलं ते मला फार पटलं. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. पेशी जगते साधारण 120 दिवस. म्हणून या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यातही शेवटच्या आठवड्यांचा वाटा जास्त. घरी येताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं : 120 दिवस म्हणजे चार महिने, म्हणजे आपला चातुर्मास! कार्तिकी एकादशीच्या आसपास रक्त दिलं की आषाढीपासूनचा सगळा जमाखर्च त्यात येतो.

पुढच्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. कडकपणा. गोड बंद, तळलेलं बंद. चतुर्थीला पानात एकच मोदक घेतला आणि दुसऱ्याला हात आडवा केला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पहाटेपासून चुलीपुढे बसून उकड काढलेल्या बाईचं तोंड उतरलं की घरभर दिसतं. रात्री भजन संपल्यावर मी फडताळातले तीन गार मोदक उभ्याउभ्या खाल्ले, तेही तुपाशिवाय. गार मोदक चोरून खाण्यात कसलं सुख! वर मनाने घेतलं की आता मोडलंच आहे, तर दिवाळीनंतर बघू. ते "दिवाळीनंतर बघू" गौरी यायच्या आधीच सुरू झालं होतं.

शेवटी माझ्या स्वभावाप्रमाणे वही घातली. 2025 ला 27 ऑगस्टला गणपती बसले आणि 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. दोन्ही दिवस धरून 56 दिवस. त्यात खऱ्या सणाच्या जेवणाचे किती? गावी गौरी-गणपतीचे सात, दसरा एक, कोजागिरी एक, दिवाळीचे तोवरचे तीन. बारा झाले. उरलेले 44 दिवस साधे, भाजी-पोळीचे, डब्याचे, लोकलचे.

आता वजन सांगते. गावी निघताना काटा 68.4 दाखवत होता. सात दिवस मोदक, घावन-घाटलं, वडे, पुरण सगळं पोटभर खाऊन परत आले तर 68.2. काटा बिघडला असेल म्हणून मी नवऱ्यालाही उभं केलं. आणि सप्टेंबर संपताना, जेव्हा मोदक डोळ्यांनीही दिसत नव्हते, तेव्हा 69.9.

विचार केल्यावर कोडं सुटलं. गावी आम्ही दिवसभर पायांवर असतो. विहीर, परसू, मांडव, आणि संध्याकाळी आरतीला वाडीतली सगळी घरं. आमच्या वाडीत सपाट रस्ता नाही. एक पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची आणि दुसरी चढायची, तीही जेवणाआधी एकदा आणि भजनाला एकदा. जेवण दोन वेळा, पंगतीत, पोटभर. मधल्या वेळी तोंडात टाकायला कोणाला फुरसत नसते. आणि ऋषिपंचमीला ती भाजी : माठ, अळू, भेंडी, सुरण, भोपळा, मक्याची कणसं, तेलाचा जवळजवळ स्पर्श नाही. माझ्या मते अख्ख्या चातुर्मासातला तो सर्वांत शहाणा पदार्थ आहे, आणि आपण तो वर्षातून एकदाच करतो.

सप्टेंबरात याच्या अगदी उलट. सकाळी साडेनऊला खुर्चीत बसले की रात्री नऊला उठायचं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचाभर साखर चार-पाच ग्रॅम धरा, म्हणजे नुसत्या चहातून 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत असेल तर उत्तम. माझा कोटा चहातच संपत होता आणि बोल मोदकाला लागत होता. त्यात सहाला कोणीतरी वडापाव मागवणार, अशिलांकडून पेढ्यांचे बॉक्स येणार, आणि झोप रात्री एकला.

तेव्हा माझं उत्तर असं : ते बारा दिवस सोडून द्या. खरंच सोडा, जेवा, मागून घ्या. सांभाळायचे ते मधले 44.

कसे सांभाळायचे, तर मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर वापरते. त्यावर दुधाचं आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांचं लिहिलेलं असतंच. आता माझेही खाडे लिहिते. नियम एकच, सलग दोन खाडे नाहीत. एक दिवस चालणं झालं नाही तर ठीक, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं का होईना, चप्पल घालून खाली उतरायचं. आठवड्याला 150 मिनिटं चालावं असं सांगतात. सप्टेंबरात माझी शंभरच होतात कधीकधी, पण सवय तुटत नाही, आणि ऑक्टोबरात ती शून्यापासून बसवावी लागत नाही. ज्या दिवशी सकाळ हातात नाही त्या दिवशी रात्रीची शतपावली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते, हे आजीला ग्लुकोमीटरशिवाय कळलं होतं. दिवाळीच्या तीन-चार दिवसांत मात्र पहाटे बाहेर जात नाही, फटाक्यांचा धूर छातीत भरून आरोग्य कसलं कमवायचं? इमारतीचे जिने चढते-उतरते.

चहा पाचाचे तीन केले आणि साखर अर्धा चमचा. पहिला आठवडा चिडचिड झाली, नंतर ऑफिसातला चहा गोडमिट्ट लागायला लागला. झोपेचं मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. ऑडिटमध्ये साडेबाराच्या आधी अंथरुणाला पाठ लागत नाही. पण झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी चारला काहीतरी गोड-तळलेलं लागतंच, एवढं वहीवरून सरळ दिसलं.

नवरात्राबद्दल दोन शब्द, कारण इथे माणसं फसतात. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ खिचडी खाऊन "उपवासाने वजन का वाढलं" हे विचारू नये. उपवास करायचाच तर ताक, राजगिरा, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, फळं आणि एक वेळ भगर. भगरीचं पीठ सुटं विकत आणू नका, दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि विषबाधेच्या बातम्या जवळजवळ दर नवरात्रात असतात. आख्खी भगर आणून, निवडून, घरीच दळा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास अजिबात नाही. साखर एकदम खाली गेली की चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही.

आता फराळ. दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नानानंतर भरलेल्या ताटाने कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, चहाच्या ओट्यावर ठेवलेल्या स्टीलच्या डब्यांनी. जाता-येता मूठभर चिवडा, एक चकली, दोन शंकरपाळे. याला आपण खाणं म्हणतच नाही. ढोबळ हिशेब बघा : शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. रोज 200 कॅलरी जादा पोटात गेल्या तर 38-39 दिवसांत किलोभर झालाच. आणि तळणीतल्या 200 कॅलरी म्हणजे फार काही नाही, नुसतं तेलच मोठा चमचाभर (चहाचा नव्हे, टेबलस्पून) प्यायलात तरी निम्म्याच्या वर होतात. मी आता चकली-करंजी पूर्वीच्या निम्मी करते, अनारसे विकत घेते (ते मला कधीच जाळीदार जमले नाहीत, हे इथे सांगायला हरकत नाही), आणि भाऊबीज झाली की उरलेला फराळ बांधून वाटून टाकते. थोडा राहतो तो माळ्यावर. शिडी लावून चिवडा खाण्याइतकी भूक मला सहसा लागत नाही. अशिलांकडचे बॉक्स तर घरी येतच नाहीत, ऑफिसातच फोडून दुपारपर्यंत संपवतो.

सणाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नका. मीठ आणि भात-पुऱ्यांमुळे शरीर पाणी धरतं, किलोभर फरक दिसतो आणि माणूस उगाच हातपाय गाळतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी.

मागच्या नोव्हेंबरात माझं एचबीएवनसी 5.8 आलं. म्हणजे काठावरच आहे अजून, पण काठाच्या अलीकडच्या बाजूला.

राहिला आग्रह. आग्रह मोडायचा प्रयत्न करून बघितला, त्याचा निकाल वर सांगितलाच आहे. आता मी आग्रहाला पानात जागा ठेवते. सुरुवातीला दोनच मोदक घेते, डावीकडची कोशिंबीर मात्र वाटीभर, बोटाएवढी नाही, आणि आधी तीच संपवते. सासूबाई तूप घेऊन येतात, "अगं, एवढ्याने काय होतंय?" म्हणतात, मग तिसरा घेते. वाढणारीलाही बरं वाटतं आणि मलाही पुरतं. यंदा त्यांना माझ्या वहीचा सुगावा लागला. चौथा मोदक पानात टाकताना हळूच म्हणाल्या, "हा बाप्पाचा हो, हा मांडू नकोस."