दुःखाची कसली सहल?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचं पत्र आलंय. एकवीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला, त्याला चौदा महिने झाले. अशीच मुलं गमावलेल्या आई-बापांचा एक गट तीन दिवस महेश्वरला निघालाय. यजमान म्हणतात, ‘मला नाही जमायचं.’ सासूबाई म्हणतात, ‘दुःखाची कसली सहल?’ ताई विचारतात, एकटीनं जाऊ का?

ताई,

जा.

पत्राच्या समासात तुम्ही लिहिलंय, की सकाळी पोहे काढताना हात अजून तिघांच्या मापानं जातो आणि मग एक मूठ परत डब्यात पडते. घरात ही मूठ कुणाला दिसत नाही. त्या बसमध्ये ती सांगावी लागणार नाही. लग्नकार्यात कुणी ‘मुलं किती?’ विचारलं की तुमचा घास अडकतो. तिथे तुम्ही लेकाचं नाव घेतलंत तर कुणी घाईघाईनं विषय बदलणार नाही.

१९६८ मध्ये इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीच्या इस्पितळात थोड्याच दिवसांच्या अंतरानं दोन मुलगे गेले. तिथल्या तरुण पाद्र्याच्या लक्षात आलं, की आपल्या सांत्वनापेक्षा ही दोन घरं एकमेकांना जास्त धीर देताहेत. त्यातूनच पुढच्या वर्षी ‘कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली. सासूबाईंना हे सांगाच असं नाही. त्यांचाही नातूच गेलाय.

पण पत्रकावरच्या ‘तीन दिवसांत मन हलकं’ या ओळीवर माझा काडीचा विश्वास नाही. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: बोलायची सक्ती आहे का? सोबत कुणी समुपदेशक आहे का? ग्रुपवर फोटो टाकतात का? खोलीत एकटं पडून राहिलं तर चालेल का? उत्तरं गोलगोल आली तर या गटाबरोबर नको, दुसरा बघू. महेश्वर आपल्यापासून नव्वदेक किलोमीटर. नाहीच सोसवलं तर गाडी करून संध्याकाळपर्यंत घरी. पहिल्या खेपेला म्हणून जवळचंच ठिकाण बरं.

तिथे कुणी ना कुणी अहिल्याबाईंचा दाखला देईलच. मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला, पुढे लेक मुक्ताबाई सती गेली, तरी बाईंनी राज्य सांभाळलं, वगैरे. आपण इंदूरकर हे लहानपणापासून ऐकतोय. पण बाई रात्री वाड्यात काय करत होत्या, ते कुणी सांगत नाही. त्यांच्या मापानं तुम्हाला कुणी मोजायला लागलं, तर खुशाल उठून घाटावर जा.

आता यजमान. येत नाहीत म्हणजे त्यांना कमी लागलंय, असं नाही. तुम्हीच लिहिता, की मुलाची मोटरसायकल ते दर रविवारी पुसतात आणि चालवत मात्र नाहीत. तेच त्यांचं महेश्वर. ओढून नेऊ नका, टोमणाही नको. बसपर्यंत सोडायला या, एवढंच म्हणा.

झोप अजून दोन-तीन तासांचीच आहे आणि ‘जगून काय करायचं’ असंही एकदा लिहिलंय तुम्ही. ते मी वाचून सोडून देणार नाही. सहलीची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रात्री-बेरात्री तसं वाटलं तर १४४१६ लावा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत.

पिशवीत त्याचा एखादा शर्ट टाकावासा वाटला, तर टाका. दाखवायलाच पाहिजे असं नाही.