पीएच.डी.साठी आर्थिक आधार

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम.ए. केले असून बीडमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते. ऊसतोड कामगार स्त्रियांवर पीएच.डी. करायची आहे. अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) कोठे मिळेल?

उत्तर : सर्वांत भक्कम आधार यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा, आहे; तीत 2023पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे प्रगती समाधानकारक असल्यास 42,000 रुपये मिळतात. मात्र तिला वयोमर्यादा असल्याने ही परीक्षा लांबणीवर टाकू नका. जेआरएफ न मिळाल्यास नवी दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करावा. आपल्या प्रवर्गानुसार पुण्यातील बार्टी (अनुसूचित जातींसाठी) किंवा सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), अथवा नागपूरची महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी), या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती घेताना तासिकांचे काम सहसा सोडावे लागते, याचा घरच्यांशी आधीच विचार करा.

खरी कसोटी संशोधन आराखड्याची असते. ‘ऊसतोड स्त्रियांच्या समस्या’ एवढे मोघम शीर्षक परीक्षकांना काहीच सांगत नाही. उलट मुकादमाकडून जोडप्याच्या, म्हणजे एका कोयत्याच्या, नावावर घेतलेल्या उचलीत (आगाऊ रकमेत) स्त्रीच्या श्रमाचा हिशेब कसा पुसला जातो, असा नेमका प्रश्न घेतला तर कोणती गावे, कामगारांच्या कोणत्या टोळ्या आणि गाळप हंगामातले कोणते महिने हे आपोआप ठरत जाते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, म्हणून तेथील प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवा. हा विषय अभ्यासला जायलाच हवा. अर्ज जरूर करा.