मातांच्या मानसिक आरोग्यावर पीएचडी करायची आहे, गाईड निवडताना सायटेशन किती बघायचे?

विचारणारी यवतमाळकडची दिसते. दोन गाईड समोर आहेत: सरांच्या गूगल स्कॉलरवर तीन हजारांवर सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात त्यांच्या पेपरांचा तितक्यांदा दिलेला संदर्भ), एच-इंडेक्स २४, मॅडमचे जेमतेम पावणेदोनशे, एच-इंडेक्स ७. घरचे म्हणतात, आकडा मोठा तिकडे जा.

मी वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत काही वर्षं बाळंतिणींच्या मुलाखती घेत फिरले. आता एका कॉलेजात नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलींसाठी हेच आकडे भरते. म्हणून दोन्ही टोकांकडून सांगते.

आधी हिशेब. एच-इंडेक्स ही हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाची २००५ मधली कल्पना. समजा कोणाचे सहा पेपर आहेत आणि त्यांना ४०, २२, ९, ६, ५ आणि २ सायटेशन मिळाले. पाच पेपर असे, की प्रत्येकाला निदान पाच. म्हणून एच-इंडेक्स ५. दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर दोनच, म्हणून गूगल स्कॉलरवरचा दुसरा आकडा, आय-टेन, २. एवढंच आहे ते. वय वाढलं की आकडा वाढतो, कमी कधी होत नाही. स्वतःच स्वतःला उद्धृत केलेलंही गूगल त्यात धरतं. वीस लेखकांच्या पेपरात सतरावं नाव असलं तरी सायटेशन पूर्ण पदरात पडतात.

त्यामुळे सरांची यादी सायटेशनच्या क्रमाने लावून वरचे पाच पेपर उघडा. बहुतेकदा निम्मे सायटेशन दोन-तीन पेपरांतच अडकलेले असतात. ते रिव्ह्यू, म्हणजे इतरांचे अभ्यास एकत्र करून लिहिलेले पेपर, आहेत का बघा. आपल्या विषयात २०१७ चा जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमधला एक रिव्ह्यू आहे: ३८ अभ्यास, २०,०४३ बायका, भारतात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के. काम चांगलंच आहे, पण ज्याला प्रस्तावनेत एक आकडा हवा तो हाच उचलतो. असा पेपर गावात एकदाही न जाता लिहिता येतो. तुम्हाला मात्र गावात जायचंय.

आता गावातली गोष्ट. प्रसूतीनंतरचं नैराश्य ओळखायला सगळीकडे वापरतात ती इंग्रजी एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ ची. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण ३०. मूळ पडताळणी ८४ मातांवर झाली होती आणि आज तो पेपर हजारोंनी उद्धृत होतो. तिच्यातला सहावा प्रश्न आमच्या कागदावर असा उतरला होता: 'गोष्टी माझ्या अंगावर येत आहेत.' विचारायचं होतं, सगळं झेपेनासं झालंय का. कापूस वेचणीचे दिवस, पडवीत बोंडांचा ढीग, दोन महिन्यांचं लेकरू मांडीवर. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अंगावर काय येईन बाई, आमच्याघरी तं म्हैसबी नाही." दुसऱ्या गावात एकीने आवाज खाली केला: "थे तं मले लगनापासूनच जाते." तिला वाटलं मी अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारतेय. (त्यात तिची चूक नव्हती. गडचिरोलीतल्या दोन गावांत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला.) मी तिच्या उत्तरापुढे ३ गुण मांडले, कारण संध्याकाळपर्यंत बारा फॉर्म भरायचे होते. तो फॉर्म आकडेवारीत गेला, पेपर छापून आला, त्याला सायटेशनही बरे आहेत. कोणाचा ते सांगत नाही. आम्हा फॉर्म भरणाऱ्यांची नावं आभारातसुद्धा नव्हती, तो सल वेगळा.

आणि सासू. बाजेवर सासू बसलेली असली की दहाही प्रश्नांना एकच उत्तर, "सगळं बरं हाये."

म्हणून मी पेपर हातात घेतला की थेट पद्धतीच्या भागावर जाते. भाषांतर उलट फिरवून, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून, तपासलं का, वऱ्हाडी बोलणाऱ्या बायकांना आधी वाचून दाखवलं का? मुलाखत कुठे झाली, सोबत कोण होतं? सगळ्यात महत्त्वाचा दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. ज्या बाईने 'हो' म्हटलं तिचं पुढे काय केलं? आपल्याकडे फवारणीचं औषध घरातच ठेवलेलं असतं. नुसती खूण करून उठून यायचं नसतं; आशाताईला सांगितलं का, डॉक्टरपर्यंत नेलं का, हे पेपरात एका ओळीत तरी हवं. हे एच-इंडेक्समध्ये कुठेच दिसत नाही.

माझं मत विचाराल तर मॅडमकडे झुकतं, पण त्यांच्या पेपरांत वरचं सापडलं तरच. कमी सायटेशन म्हणजे काम आपोआप खरं, असंही नाही. आळसाचेही सायटेशन कमीच असतात. आणि सरांच्या आताच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फोन करून विचारा, सर शेवटचे गावात कधी आले होते. घरच्यांना एच-इंडेक्स समजावत बसू नका, सर पुढच्या वर्षी रिटायर होतात का तेवढं बघून सांगा, ते लगेच पटतं.